तीन महिने स्टेअरिंगला हात नाही

मळा, आष्टा
१२ जानेवारी २०२५

प्रिय नाथामामा,

मामी आणि तुम्ही बरे असाल असं धरूनच लिहायला बसले आहे, कारण आज मला धीर नाही. फोन केला असता, पण फौजेत तोफखान्यात तुमचे कान गेले ते गेलेच. मामी फोन स्पीकरवर टाकतात आणि मग खंडाळ्याच्या तुमच्या अख्ख्या आळीला आमच्या घरातलं कळतं. मोबाईलवरचा मेसेज तर तुम्ही उघडतच नाही. म्हणून पत्र. यातलं एक अक्षरही आईला किंवा आबांना कळता कामा नये.

विरूचं लायसन सस्पेंड झालंय. तीन महिन्यांसाठी. सात जानेवारीला आदेश झाला, सहा एप्रिलपर्यंत त्यानं कुठलीच गाडी चालवायची नाही.

डिसेंबरात कारखान्याच्या रस्त्यावर ही गोष्ट घडली. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि हा एका हातानं फोन कानाला लावून बोलत चाललेला. आरटीओच्या पथकानं थांबवलं, लायसन काढून घेतलं. मग नोटीस आली, हा एकटाच सांगलीला जाऊन चूक कबूल करून आला. मला, सख्ख्या बहिणीला, त्यानं परवा सांगितलं, तेही मी वकिलांच्या ऑफिसात काम करते म्हणून. आबांना सांगितलंय की लायसन ऑनलाइन कामासाठी जमा केलंय. उसाच्या खेपा सध्या शेजारचे नानासो करतात. विरू पोलीस भरतीसाठी पळायला जातो, त्याला वेळ नाही, अशी आबांची समजूत आहे.

एवढंच असतं तर तीन महिने गप्प बसून काढले असते. पण दोन मार्चला शेजारच्या गावची जत्रा आहे आणि जत्रेत ट्रॅक्टर रिव्हर्सची स्पर्धा आहे.

तुम्ही ती कधी बघितली नसेल, म्हणून सांगते. मैदानावर पांढऱ्या फक्कीनं वळणावळणाची वाट आखतात, कडेनं बांबू रोवतात. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची आणि ती सगळी वाट उलटी, मागं मागं जात पुरी करायची. रेषेला चाक लागलं की बाद. सगळ्यांत कमी वेळात जो शेवटच्या चौकोनात ट्रॉली उभी करील, ढाल त्याची. ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं, त्यामुळं वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवणारेही पहिल्याच वळणात अडकतात. आणि आपला विरू मान मागं वळवून ट्रॉली अशी नेतो की गाडीचं तोंड त्याच बाजूला आहे असं वाटावं. त्याला बघताना माझ्या अंगावर काटा येतो, मामा.

गेल्या वर्षी त्याचा नंबर थोडक्यात हुकला, ढाल कपिल नावाच्या पोरानं नेली. तेव्हापासून आबा आणि विरू दोघंही या जत्रेवर डोळे लावून बसलेत. आबांनी नाव देऊनही टाकलंय. मी विरूला म्हटलं, आता कसं करणार? तर म्हणतो, ट्रॅक्टर घरचा, मैदान जत्रंचं, तिथं कोण लायसन बघतंय.

गाडी मागं घ्यायला त्याला तुम्ही शिकवलंत. तो फक्त तुमचं ऐकतो. त्याला चार शब्द लिहा.

तुमची,
अक्षता


खंडाळा
२० जानेवारी २०२५

अक्षता बाळ,

मामाचा आशीर्वाद घे आणि नीट बसून वाच.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सस्पेंड हा शब्द वाचला आणि माझ्या डोक्यात एकच आलं. पोरगं प्यालं हुतं का? फोनचं तू मला गोड करून सांगतीयास असं मला वाटतंय. तसं असंल तर आत्ताच सांग. मी तुझ्या मामीपासनं बी लपवीन, पण माझ्यापासनं काय लपवायचं न्हाई.

आमच्या युनिटात एक लय तयार ड्रायव्हर हुता. घाटात तीन टनी गाडी अशी न्यायचा की मागं बसलेल्याच्या हातातला चहा सांडायचा न्हाई. कायतरी चूक झाली आणि साहेबांनी त्याचं लायसन जमा करून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं गाडी गॅरेजातनं फक्त धुवायच्या जागेवर नेली. हाकेच्या अंतरावर. बाहेर रस्त्याला चाक बी लागलं न्हाई. साहेबांनी त्याला लंगरात पाठवला. त्यानं राहिलेली सगळी नोकरी कांदं कापण्यात काढली. साहेब म्हणालं, गाडी चुकली तर मी माफ करीन, ऑर्डर मोडली तर न्हाई.

ही झाली फौजेची गोष्ट. बाहेरचा कायदा काय म्हणतो ते मला ठावं न्हाई. तुझ्या वकीलबाईंना नीट इचारून मला कलमासकट लिव्ह. मग मी विरूला बघतो.

दाजींना सांगायचं का न्हाई ते तुमी ठरवा. पण तुझा बाप धनाजीराव मनानं वाईट माणूस न्हाई, जरा हट्टी हाय एवढंच.

नाथाजीमामा


सांगली
३० जानेवारी २०२५

प्रिय मामा,

आधी तुमची शंका दूर करते. विरू प्यायला नव्हता. फोनवरच बोलत होता, तेही नानासोंशी, डिझेल आणायचं कुणी यावरून. तुमचं पत्र मी त्याला दाखवलं. प्यालं हुतं का, ही ओळ त्यानं वाचली आणि त्या दिवशी जेवला नाही.

आता कायदा. आमच्या राजनंदिनी मॅडमनी मोटार वाहन कायद्याचं पुस्तक माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाल्या, वाच मोठ्यानं. कलम एकशे ब्याऐंशी. लायसन निलंबित असताना गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मी विचारलं, म्हणजे दंड भरून सुटता येतं ना? मॅडमनी पुस्तक मिटलं.

त्या म्हणाल्या, "फोनवर बोलला म्हणून लायसन थांबलं, ती शिक्षा एप्रिलमध्ये संपेल. थांबलेल्या लायसनवर गाडी चालवली तर तो नवा गुन्हा. उद्या पोलीस चालक व्हायचंय ना त्याला? मग चौकशीत हीच नोंद सगळ्यात आधी समोर येईल."

आणि एवढ्यावर संपत नाही. आबांनी हे माहीत असून किल्ली हातात दिली तर गाडीचे मालक म्हणून त्यांच्यावर वेगळं कलम. कुणाला लागलं तर विमा कंपनी आमच्याकडून वसुली करायला मोकळी. मी मैदानाचंही विचारलं. तर म्हणाल्या, जिथं लोकांना ये-जा करायला मोकळीक आहे ती जागा कायद्याला रस्त्यासारखीच असते, आणि जत्रेच्या मैदानाला हे लागू होणार नाही असं मी तरी म्हणणार नाही.

मी बसमधून घरी येईपर्यंत हे सगळं मनात घोकत आले आणि विरूला गोठ्यामागं गाठून जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे मी बसलो तर आबा बी अडकणार." एवढंच. त्याला स्वतःच्या कैदेचं काही वाटलं नाही बघा.

आता एक गंमत. ऊस तुटून गेलेला आपला खालचा पट्टा रिकामा आहे, चारी बाजूंनी तारेचं कुंपण आहे. आबा आठवडी बाजारला गेले की मी तिथं ट्रॅक्टर चालवते. अठरा वर्षं पुरी होताच तुम्ही मला लायसन काढायला लावलंत, त्यात ट्रॅक्टरही घातला होता, तो आत्ता कामाला आला. विरू स्वतः खाली उभा राहतो, दोन्ही हात पाठीमागं धरून, ट्रॅक्टरला बोटसुद्धा लावत नाही, आणि नुसतं तोंडानं शिकवतो. पहिल्या दिवशी मी ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांची अशी घडी घातली की दोघंही बांधावर बसून हसलो. काल पहिल्यांदा ती सरळ मागं गेली. माझे दंड भरून आलेत, तळहाताला फोड आलेत, आणि ऑफिसात टाइप करताना मी मनातल्या मनात स्टेअरिंग फिरवत असते. हा नुसता विरंगुळा आहे हं, विरूचं मन रमावं म्हणून.

तुमची,
अक्षता


मळा, आष्टा
११ फेब्रुवारी २०२५

मामा,

दंडवत. मला पत्र लिव्हायची सवय न्हाई, चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमी मला प्यालेला समजलात. तुमी म्हणून गप बसलो, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं नसतं. फोनवर बोललो ते मात्र खरं हाय. मागं दोन ट्रॉल्या भरून ऊस आणि मी एका हातानं गाडी हाकत हुतो. साहेबांनी गाडी थांबवली तवा मला लय राग आला. पुढं आठवडाभरानं त्याच रस्त्यानं पळायला गेलो आणि शाळंची पोरं सायकलीवरनं ट्रॉलीच्या कडंनं जाताना बघितली. तवा मी रस्त्याच्या कडंला थांबलो. मी ट्रॅक्टरवर असताना मला ती पोरं कधी दिसलीच नव्हती.

पण मामा, ट्रॅक्टर सुटत न्हाई. नानासो खेपंला निघालं की मी कान देऊन ऐकत बसतो. गिअर चुकला की मला इथं कळतंय. रोज सकाळी पळतो, जोर मारतो, भरतीची तयारी चालू हाय.

आबांना अजून सांगितलं न्हाई. सांगणार हाय. ते रोज ट्रॅक्टर पुसत्यात, नवीन हार आणून ठेवलाय, गावात सगळ्यास्नी सांगत्यात की औंदा ढाल आपलीच. त्यांचं तोंड बघितलं की माझं तोंड बंद हुतंय.

जत्रंत काय हुईल ते तुमास्नी मागनं कळंल. लय मोठी गंमत हाय. आक्कानं सांगू नको म्हणून शपथ घातलीया. नुसतं एवढं सांगतो की सगळं मैदान बघत ऱ्हाईल.

मामींना नमस्कार.

विरू


खंडाळा
३ मार्च २०२५

वीरधवल,

तुझ्या पत्रात लय मोठी गंमत हाय असं लिव्हलं हुतंस. ती वाचल्यापासनं मला झोप न्हाई. गंमत म्हंजे काय हे कळायला मी काय लहान पोर न्हाई. म्हणून मी काल आलतो. कुणाला न सांगता आलतो. तुझ्या मामीला सांगितलं की साताऱ्याला पेन्शनच्या कामाला चाललोय. साताऱ्यात गाडी बदलली, आष्ट्यात उतरलो, तिथनं जत्रंच्या गर्दीसंगं मैदानावर आलो.

रसाच्या गाड्याजवळ सगळ्यांच्या मागं उभा हुतो. मनात म्हटलं, पोरगं आपल्याला खोटं पाडू दे. गर्दीत कुठं उभं असलेलं दिसलं तर जाऊन पाठीवर हात ठेवीन.

आणि बघितलं काय? दाजी ट्रॅक्टरला हार घालतायत, तू सीटवर बसलायस, दोन्ही हात स्टेअरिंगवर. पोरं शिट्या मारत हुती, फोटो काढत हुती. भोंग्यावर काय चाललं हुतं ते मला कळलं न्हाई, पण माझं डोळं अजून शाबूत हायत. कायदा तुला कलमासकट माहीत हुता. बाप अडकंल हे बी माहीत हुतं. तरी तू चढलास.

मला पुढचं बघायचं नव्हतं. तिथनंच माघारी फिरलो.

मी तुला गाडी शिकवली हे आता कुणाला सांगू नको. आणि मला पत्र घालू नको.

नाथाजी


मळा, आष्टा
९ मार्च २०२५

प्रिय मामा,

पत्र घालू नको असं तुम्ही विरूला लिहिलंय, मला नाही. म्हणून मी लिहिते, आणि हे तुम्हाला वाचावंच लागेल. तुम्ही आला होतात. आम्हाला माहीत असतं तर मी गर्दीतून धावत येऊन तुमचा हात धरून ठेवला असता.

तुम्ही बघितलं ते खरं आहे. पण त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते तुम्ही बघितलं नाही.

तो विरंगुळा नव्हता. मी तुमच्याशी खोटं बोलले, कारण तुम्हाला नंतर फोटो पाठवून चकित करायचं होतं. स्पर्धेत मीच उतरणार होते. आबांना न सांगता समितीकडं जाऊन माझं नाव देऊन आले होते. विरूनं आदल्या संध्याकाळी आबांना सगळं सांगायचं ठरलं होतं. जेवायला बसल्यावर त्यानं तोंड उघडलं, आणि नुसती भाकरी मागितली. मी कोपरानं त्याला ढोसत होते, पण तो तसाच जेवून उठला.

सकाळी ट्रॅक्टर मैदानावर मी नेला. आबा मागून मोटारसायकलनं आले, त्यांना वाटलं नानासोंनी आणला. तिथं त्यांना ओळखीची माणसं भेटली, मग काय, त्यांनी विरूला हाताला धरून सीटवर बसवलं, ट्रॅक्टरला हार घातला, फोटो काढायला लावले. तुम्ही बघितलंत ते हेच. इंजिन बंद होतं, मामा. तुम्हाला ते ऐकू येणार नव्हतं.

मी धुरळ्यात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ उभी होते. भोंग्यावर विरूचं नाव पुकारलं. आबांनी किल्ली पुढं केली आणि म्हणाले, "चल रं, दाव आता." विरूनं किल्ली घेतली. मला वाटलं संपलं. समोर वाट आखलेली, बांबूंवर झेंडे लावलेले, सगळी माणसं त्याच्याकडं बघतायत, आणि वर्षभर ज्यासाठी जीव टाकला ती गोष्ट हातभर अंतरावर. मी तिथंच चाकाला धरून उभी राहिले.

पुन्हा नाव पुकारलं. विरू खाली उतरला. किल्ली माझ्या हातात दिली आणि सरळ समितीच्या टेबलापाशी गेला. पुकारणाऱ्याच्या हातातला माईक घेतला.

तो म्हणाला, "माझं नाव पुकारलंय, पण मी चालवणार न्हाई. गाडी चालवताना फोनवर बोललो म्हणून माझं लायसन सस्पेंड झालंय. माझ्या आबांना हे ठावं नव्हतं, मी लपवलं. ट्रॅक्टर माझी बहीण अक्षता चालवंल. तिच्याकडं लायसन हाय."

कुणीतरी हसलं, मागून कुणीतरी हुर्यो केली. मी आबांकडं बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं ते विरूवर हात टाकतील. त्यांनी कुणालाच काही केलं नाही. डोक्यावरची टोपी नीट केली आणि गर्दीतून वाट काढत चहाच्या गाड्याकडं निघून गेले.

आता माझं नाव पुकारत होते. सीटवर चढताना माझी ओढणी लिव्हरमध्ये अडकली, ती मी सोडवून कमरेला बांधली. मान मागं वळवली, तर वाटेच्या पार शेवटी, रेषेच्या बाहेर, विरू जाऊन उभा राहिला होता. दोन्ही हात पाठीमागं धरून, आपल्या पट्ट्यात उभा राहायचा तसा. मी मागं बघत चालले होते, म्हणजे सगळी वाटभर माझ्या डोळ्यासमोर तोच होता. त्यानं एकदाही मान हलवली नाही, इशारा केला नाही.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाला ट्रॉली रेषेकडं सरकायला लागली आणि गर्दीतून ओरडा झाला. मी थांबले. हात सुटे केले, श्वास घेतला, थोडी पुढं घेऊन पुन्हा मागं आले. तिथं माझा सगळा वेळ गेला हे मला कळत होतं. तिसऱ्या वळणाला मात्र काय झालं कोण जाणे, हातांनी आपोआप केलं. उजवीकडं, सोड, डावीकडं, सोड. ट्रॉली वळली आणि मी वळले, आणि मला एकदम हसू फुटलं. ट्रॅक्टरवर बसून मी एकटीच हसत होते. शेवटच्या चौकोनात ट्रॉली उभी राहिली तेव्हा एकाही रेषेला चाक लागलेलं नव्हतं.

ढाल मला मिळाली नाही, मामा. पहिल्या तिघांतही मी नाही. ढाल यंदाही कपिलनंच नेली. पण तो ढाल काखेत घेऊन आमच्याकडं आला आणि विरूला म्हणाला, "गड्या, हात न लावता शिकवलंस व्हय?" आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत उभा राहिला.

खरी गोष्ट यापुढंच घडली. मैदानातून बाहेर पडायच्या वाटेवर बंदोबस्ताचे पोलीस उभे होते. घरी परतणारा एकेक ट्रॅक्टर थांबवून लायसन बघत होते. माझ्या पुढच्या एकाला बाजूला घेतलं. माझी पाळी आली. मी लायसन दिलं. हवालदारांनी फोटो बघितला, माझ्याकडं बघितलं, हार घातलेल्या ट्रॅक्टरकडं बघितलं, आणि म्हणाले, "मघाशी तुमीच हुता का? जावा, सावकाश जावा." मागं चहाच्या गाड्यापाशी आबा उभे होते. त्यांनी हे सगळं बघितलं. त्यांच्या हातातला कप तसाच होता.

मग ते रस्त्यावर आले. विरू ट्रॅक्टरच्या मागं चालत होता. आबांनी मोटारसायकल नानासोंकडं दिली आणि विरूच्या बरोबरीनं चालायला लागले. मी गाडी पहिल्या गिअरात ठेवली. आरशात दोघं दिसत होते. मळ्यापर्यंतचा सगळा रस्ता ते तसेच चालत आले. अर्ध्या वाटेवर आबांचे हात हलताना दिसले, म्हणजे ते बोलत असावेत. इंजिनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. घरी आल्यावर दोघांनाही मी विचारलं, दोघांनीही सांगितलं नाही.

तुमचं पत्र विरूनं तीन घड्या करून खिशात ठेवलंय. तो तुमच्यावर रागावलेला नाही. तो म्हणतो, मामांनी जे बघितलं त्यावरनं मी बी असंच लिव्हलं असतं.

तुमची,
अक्षता


मळा, आष्टा
८ एप्रिल २०२५

मामा,

तुमी पत्र घालू नको म्हटलं हुतं, तरी घालतोय. आक्काच्या पत्राला तुमचं उत्तर आलं न्हाई. पाडव्याला वाट बघितली. आई रोज पोस्टमनला इचारती.

काल लायसन मिळालं. आबा संगं आलं हुतं. सांगलीला हाफिसात बाकावर बसून ऱ्हायलं, साहेबांनी लायसन दिलं तसं ते माझ्या हातातनं घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि स्वतःच्या खिशात ठेवलं. घरी आल्यावर देवापुढं ठेवलं, मग माझ्याकडं दिलं. मला हसू आलं, पण हसलो न्हाई.

संध्याकाळी ट्रॅक्टर बाहेर काढला. चढायच्या आधी फोन बंद करून आईच्या हातात दिला. रस्त्यावर आलो आणि मामा, काय सांगू, स्टेअरिंग हातात आलं तसं डोळं भरलं. सावकाश गेलो. शाळंच्या कोपऱ्यावर थांबलो, सगळी पोरं जाऊ दिली. मागनं एकजण हॉर्न मारत हुता, त्येला म्हटलं मार.

आता खबर. वीस एप्रिलला दुसऱ्या एका गावची जत्रा हाय. तिथं बी रिव्हर्स हाय. माझं नाव दिलंय. आणि आक्काचं बी दिलंय. एकच ट्रॅक्टर, आधी ती आणि मग मी. ती म्हणती, तुला हरवणार. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पट्ट्यात प्रॅक्टिस करती, मला बघू देत न्हाई. आबा कुणाच्या बाजूनं हायत ते सांगत न्हाईत, दोघांस्नी बी वेगवेगळं बोलावून सल्लं देत्यात. घरात नुसता दंगा चाललाय.

तुमी याल का?

विरू


खंडाळा
१३ एप्रिल २०२५

अक्षता आणि वीरधवल, दोघं मिळून वाचा.

अक्षताचं पत्र मला मार्चातच मिळालं. उत्तर दिलं न्हाई, कारण काय लिव्हायचं ते सुचत नव्हतं. चार वेळा कागद काढला आणि चार वेळा ठेवून दिला. शेवटी तुमची मामी म्हणाली, सुचत न्हाई तर सुचत न्हाई असंच लिव्हा की.

त्या दिवशी मी मैदानातनं निघालो आणि आष्ट्याच्या स्टँडवर येऊन बसलो. साताऱ्याची गाडी लवकर आलीच न्हाई. दुपारभर मी तिथं बाकावर बसून हुतो, रागानं मूठ आवळून. त्याच वेळी इकडं पोरगं माईक घेऊन उभं हुतं, पोरगी मागं मान वळवून हसत हुती, आणि दाजी पोराच्या बरोबरीनं रस्त्यानं चालत हुते. एवढं सगळं त्या एका दुपारी घडलं आणि मी एसटीची वाट बघत बसलो. माझ्या आयुष्यातलं लय काय काय बघायचं राहिलं असंल, पण हे राहिलं याचं जेवढं वाईट वाटतंय तेवढं कशाचंच न्हाई.

विरू, तुला मी लिव्हलेलं ते पत्र खिशातनं काढ आणि चुलीत घाल. मी तुला गाडी शिकवली हे मी आता इथं सगळ्यांस्नी सांगत सुटलोय. परवा दूध घालायला आलेल्या माणसाला बी सांगितलं. तुझी मामी म्हणती, आता पुरं करा.

वीस तारखंला आमी दोघं येतोय. आदल्या दिवशीच येतो, मुक्कामाला. दाजींना सांगा, ते ज्याच्या बाजूनं असतील त्याच्या विरुद्ध बाजूला मी बसणार, म्हंजे दोघांसाठी बी टाळ्या वाजवायला माणूस असंल. मला पुढच्या रांगंत, रेषेच्या जवळ, खुर्ची टाकून ठेवा. परतीची कुठली गाडी कवा हाय ते मी इचारलेलं न्हाई आणि इचारणार बी न्हाई. शेवटचा ट्रॅक्टर मागं येऊन उभा राहीपर्यंत मी तिथनं हलणार न्हाई.

नाथाजीमामा